मयुरीचा स्क्रू

हे मी आजवर पूर्ण कुणालाच सांगितलेलं नाही. अर्धं एकदा सांगितलं. अगदी अलीकडे, आणि जिला सांगायला हवं होतं तिलाच. अर्धं सांगणं हे काहीच न सांगण्यापेक्षा बरं म्हणायचं का? मला तसं वाटलं होतं. पंधरा दिवस मी पोटभर जेवलो, दुपारी आडवा झालो की डोळा लागायचा. मग एके दिवशी लक्षात आलं की हे हलकं वाटणं माझ्या हक्काचं नाही — आणि लिहायला बसलो.

गोष्ट एका मुलीच्या हातांची आहे. मयुरी तिचं नाव. तेव्हा तेरा वर्षांची होती, आता सत्तावीसची आहे. तिच्या हातून एक लॅपटॉप मेला, असं मी चौदा वर्षं सांगत आलो. पोरांना सांगितलं, शिक्षकांना सांगितलं, तिच्या बापाला पटू दिलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःला पटू दिलं. तो तिच्या हातून मेला नव्हता. माझ्या हातून मेला होता. एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढे मी आडवळणानं बोलायला लागलो — आणि लागेन, मला माझी सवय माहीत आहे — तर निदान तुम्हाला ठाऊक असेल की मी कशाभोवती घिरट्या घालतोय.

इथे नाव बदलावं का, असाही विचार केला. पण खराब केलं ते याच नावाला. दुसरंच नाव पुसून स्वच्छ करून काय होणार?

थोडं माझ्याबद्दल. मी चंद्रपूरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होतो. तीसेक वर्षं बारीक तारा जोडल्या, डाग दिले, रिले साफ केले. हात चांगला होता. हे मी नाही, लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं. निवृत्त झालो त्याच वर्षी बायको गेली. मुलगा नागपूरला. मी पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावी परत आलो आणि दोन महिने नुसता बसून राहिलो. गावात मला ‘टेलिफोनवाले भाऊ’ म्हणत, पण टेलिफोन आता कुणाकडे राहिला होता? सगळ्यांच्या खिशात मोबाइल.

तेव्हा चंद्रपूरच्या भंगारवाल्यांकडे जुने लॅपटॉप यायला लागले होते. ऑफिसांनी टाकलेले, विटेसारखे जाड, झाकणाला आकडी असलेले. किलोवर मिळायचे. मी पहिल्यांदा पाच आणले, त्या पाचांतून एक चालू केला. एकाची स्क्रीन, दुसऱ्याचा कीबोर्ड, तिसऱ्याचा पंखा. दाराशी शाळेतली पोरं गोळा व्हायची. एका लॅपटॉपच्या हवेच्या जाळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. एका पोरानं ते काडीनं कोरून काढलं आणि विचारलं, ‘कॉम्प्युटरात हे बी राह्यते का, सर?’ त्या दिवसापासून मी सर झालो. सोसायटीचं तेंदूपत्त्याचं गोदाम वर्षातले दहा महिने रिकामंच असे. ते मिळालं. तेंदूचा हंगाम आला की खोली सोडायची, पावसाळा लागला की परत यायचं. भिंतींना वाळल्या पानांचा वास कायमचा होता.

आता आमची कामाची पद्धत सांगतो. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लॅपटॉप उलटा केला की तळाला दहा-बारा स्क्रू असतात. सगळे सारखे दिसतात, पण नसतात. काही आखूड, काही मधले, काही लांब. लांब स्क्रू आखूडच्या जागी लावला तर तो आतल्या मदरबोर्डमध्ये घुसतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत केसाहून बारीक तांब्याच्या रेघा असतात, त्या तुटतात किंवा एकमेकींना चिकटतात. बोर्ड गेला म्हणजे गेला. म्हणून मी पोरांना पळसाची पत्रावळ द्यायचो. स्क्रू जिथून निघाला, पत्रावळीवर त्याच जागी भोक पाडून खोचायचा. लावताना पत्रावळ समोर ठेवून लावायचा. लग्नाच्या पत्रावळी गावात कधीही मिळायच्या. त्याला काही खर्च नव्हता.

दुसरा नियम असा: जो पोरगा किंवा पोरगी भंगारातून एक लॅपटॉप स्वतः चालू करेल, आणि तो तीनदा उघडून तीनदा बंद करून दाखवेल, त्यानं तो घरी न्यायचा. कायमचा.

आणि तिसरी गोष्ट — ती माझी नव्हती, गावाची होती. घरी न्यायच्या दिवशी लॅपटॉपला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि नारळ फुटल्यावरच बटन दाबायचं. तिसऱ्यांदा बंद केल्यापासून नारळ फुटेपर्यंत कुणी बटनाला हात लावायचा नाही. नवीन मोटर विहिरीवर बसवली तरी आमच्याकडे असंच करतात. मी एक्स्चेंजमध्ये शिकलेला माणूस, मला ठाऊक होतं की बंद केलेली वस्तू लगेच चालवून बघायची असते. पण लोकांना ते आवडायचं. मलाही आवडायचं.

मयुरी ढिवर मोहल्ल्यातली. तिचे वडील नामदेवभाऊ मामा तलावात, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, मासे धरायचे, धानाच्या दिवसांत मजुरीला जायचे. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी ओवायचं काम घरात मयुरीकडे असायचं. लहानमोठे मणी ती बोटांनीच वेगळे करायची, बघायची नाही. आणि स्क्रूंचंही तिचं तेच. मी मूठभर स्क्रू तिच्या हातावर ठेवायचो, ती भलतीकडे बघत दुसऱ्या पोरांशी बोलत राहायची, आणि बोटं तीन ढीग करायची. आखूड, मधले, लांब. मी पट्टी लावून तपासायचो. एकदाही चुकली नाही. तिला पत्रावळीची गरज नव्हती, पण नियम म्हणून ती खोचायची.

मी एक तळ उघडून बंद करायला पाऊण तास घ्यायचो. ती पंचवीस मिनिटांत करायची. मला तिचं कौतुक वाटायचं. म्हणजे तसं मी सगळ्यांना म्हणायचो. हळूहळू असं झालं की लहान पोरांची एखादी वायरची चपटी पट्टी बसेनाशी झाली की पोरं माझ्या पुढ्यातून उठून तिच्याकडे जायची. मी तिथेच बसलेला असायचो, चष्मा लावून. एकानं एकदा दुसऱ्याला सांगितलं, मयुरीले विचार, सरांले दिसत नाई. ते खोटं नव्हतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला कळलं असतं तर त्यानं नागपूरला नेलं असतं, आणि मग गोदाम, पोरं, सगळंच सुटलं असतं. पण पोरांना कळलंच होतं.

तिनं लॅपटॉप चालू केला तो सहा मेलेल्यांमधून. बोजड काळा. त्यावर तिनं चार महिने काढले. घरी न्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांसमोर चालला होता. रविवारी सकाळी तिनं पोरांच्या घेऱ्यात बसून तिसऱ्यांदा उघडला, तिसऱ्यांदा बंद केला. पोरांनी घड्याळ लावलं होतं. बावीस मिनिटं. दिवस धानाच्या चुरण्याचे, मळणीचे होते, तरी लोक येणार होते. सरपंचबाई, शाळेचे हेडमास्तर, पोरांचे आईबाप. त्यांना बसायला खुर्च्या नव्हत्या, म्हणून सगळी पोरं शाळेतून खुर्च्या आणायला गेली. मयुरीही गेली.

गोदामात मी आणि तो लॅपटॉप, दोघेच.

मी तो उघडला. तपासून बघावा म्हणून. असं आत्ता लिहून ठेवतो. त्यावर नंतर बोलू.

अकरा स्क्रू काढले. तळ उचलला. आत सगळं जागच्या जागी होतं. पंख्याच्या वायरी तिनं कडेकडेनं अशा नेल्या होत्या, जशा मी कधी नेल्या नसत्या. एक वाकडी झालेली खाच, जी मी महिन्यापूर्वी बघून सोडून दिली होती, ती तिनं सरळ केली होती. मी बराच वेळ बघत राहिलो. मग रस्त्यावरून खुर्च्या ओढल्याचा आवाज आला, पोरांचा गलका आला, आणि मी घाईनं तळ बसवून स्क्रू लावायला घेतले. मी पत्रावळ घेतली नव्हती. स्क्रू टेबलावर नुसते पडले होते. एवढ्या वर्षांचा हात आहे, मला कशाला पत्रावळ? सगळे लावले, लॅपटॉप सरळ केला, रुमाल टाकला. पोरं आत आली तेव्हा मी दारात उभा राहून खुर्च्या कुठे ठेवायच्या ते सांगत होतो.

नारळ फुटला. सरपंचबाईंनी कुंकू लावलं. मयुरीनं बटन दाबलं. दिवा लागला, पंखा एकदा फिरल्यासारखा झाला, आणि बंद. तिनं पुन्हा दाबलं. काही नाही. मग तो वास आला. तुम्ही कधी जळालेल्या बोर्डाचा वास घेतला असेल तर तुम्हाला माहीत असेल. नसेल तर सांगून कळत नाही.

मला त्याच क्षणी कळलं. हे मी कधी नाकारू शकत नाही. इतर कुणाला काही कळायच्या आत मला कळलं होतं.

आणि मी काय केलं? मी तिला म्हणालो, उघडून बघ.

ती खाली बसली. सगळे भोवती. पत्रावळ घेतली, एकेक स्क्रू काढून खोचायला लागली. सहाव्या स्क्रूला थांबली. तो तिनं बोटांत धरला, फिरवला, पुन्हा धरला. हा आखूडच्या जागचा लांब स्क्रू होता. तिच्या बोटांना ते बघायच्या आधी कळलं. तिनं वर माझ्याकडे बघितलं. तिथे, त्या वेळी, मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी थांबलो, म्हटलं बघू तिला काय वाटतं. असं थांबणारा माणूस कसला असतो?

ती म्हणाली, “माह्याच हातानं झालं असन, सर.”

नामदेवभाऊ मागे उभे होते. त्यांना चारचौघांत लाज वाटली असावी. म्हणाले, “जाळ्याचे मणी तं न पाहता ओवतेस, अन् इथी काऊन चुकलीस वं?” दोनचार जण हसले.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “होते बाई. शिकताना होतेच.”

हे ते वाक्य. लॅपटॉप मेला त्याचं काही नाही. भंगारच होतं ते. पण हे वाक्य मी बोललो, आणि हेडमास्तर सगळ्यांना म्हणाले की शिक्षक असा असावा, रागवला नाही. सरपंचबाईंनी मान डोलावली. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेवभाऊ पळसाच्या पानांत गुंडाळून एक मोठी मरळ घेऊन घरी आले. पोरीनं तुमचं नुकसान केलं, म्हणाले, तुम्ही रागावले नाही हे तुमचं मोठेपण. मी नको म्हणालो. त्यांनी ओट्यावर ठेवली आणि गेले. ती मी खाल्ली. का लिहितोय हे? कारण फेकता आली असती, शेजारी देता आली असती. मी मीठ-हळद लावून तळली आणि खाल्ली. चांगली होती.

मयुरी त्यानंतरही येत राहिली. पण आता ती प्रत्येक स्क्रूला पट्टी लावायची. लावायच्या आधी एकदा, लावताना मध्ये थांबून एकदा. बावीस मिनिटांचे दीड तास झाले. एकदा मी बघितलं, तिनं स्क्रू बरोबर उचलला होता, भोकाशी नेला होता, आणि मग हात मागे घेऊन शेजारच्या पोराला विचारलं, ‘हाच आहे ना?’ तो पोरगा तिच्याहून चार वर्षांनी लहान होता. मी दुसरीकडे बघितलं. तेंदूच्या हंगामात गोदाम सोडलं. पावसाळ्यात पुन्हा सुरू केलं तेव्हा ती आली नाही. मी विचारपूस केली नाही. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, एक क्षण हुकला, माणसाचं होतं असं. मीही तसंच म्हणून बघितलं आहे. पण पुढचं ऐका.

पुढच्या वर्षी नवीन पोरं आली. पत्रावळ कशाला, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना गोष्ट सांगितली. आमच्याकडे एक मुलगी होती, खूप हुशार, पण तिनं एकदा लांब स्क्रू आखूडच्या जागी लावला. गोष्ट चांगली लागली. पोरं पत्रावळीवर नीट खोचायला लागली. त्याच्या पुढच्या वर्षी मी नाव घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी सांगितलं की ती बोलण्याच्या नादात होती. मग सांगितलं की तिला घाई होती, लोकांपुढे मिरवायचं होतं. हे सगळं कुठून आणलं मी? मला माहीत आहे कुठून आणलं. घाई माझी होती. मिरवायचं मला होतं. फक्त नाव तिचं लावलं.

पोरांनी त्याला ‘मयुरीचा स्क्रू’ म्हणायला सुरुवात केली. लांब स्क्रू दिसला की ओरडायची, पाह्य बे, मयुरीचा स्क्रू. दोन वर्षांनी मी चंद्रपूरला डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. सगळं लख्ख दिसायला लागलं. टेबलावरचे स्क्रू मी हातभर अंतरावरून वेगळे ओळखायला लागलो. तेव्हा तरी बोलायला हरकत काय होती? आता कुणी मला आंधळा म्हणून काढणार नव्हतं. मी बोललो नाही. म्हणजे कारण डोळे नव्हते.

मग लोक मला दुसरीकडे बोलवायला लागले. मुलचेऱ्याकडच्या एका शाळेत गेलो, तिथे बंगाली वस्तीतली पोरं होती. ती ‘मोयुरीचा स्क्रू’ म्हणायची आणि मी हसायचो. एकदा ऐन पावसाळ्यात भामरागडला गेलो आणि नद्यांना पूर आला, रस्ता बंद, चार दिवस आश्रमशाळेत अडकलो. तिथल्या पोरांना माझं मराठी धड समजत नव्हतं, त्यांचे शिक्षक गोंडीत सांगायचे. चौथ्या दिवशी एका लहान मुलीनं स्क्रू वर धरला आणि स्वच्छ म्हणाली, मयुरीचा स्क्रू. तिला मयुरी कोण हे माहीत नव्हतं. मयुरी म्हणजे चूक, एवढंच माहीत होतं. ते मी शिकवलं होतं. दोनशे किलोमीटर दूर जाऊन.

यंदा मयुरी आली. दिवाळीला माहेरी आली होती, सकाळी गोदामात आली. बरोबर सहा वर्षांची मुलगी, आरोही. मयुरीचं सासर गोंडपिपरीकडे. ती तिथल्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून देते. चांगली दिसत होती, भरलेली. वाकून नमस्कार केला. आरोहीनं मला वरून खाली बघितलं आणि म्हणाली, “तुम्हीच का ते सर? मायच्या स्क्रूवाले?”

मयुरी हसली. म्हणाली, पोरीले सांगून ठेवलं आहे मी, माह्यावाणी करशील नको. मग सहज, चपला काढता काढता, सांगायला लागली. पंचायतीचा कॉम्प्युटर नेहमी बंद पडतो, साधी धूळ असते, पण ती झाकण उघडत नाही. मूल गावावरून माणूस बोलावते. तो दोन दिवसांनी येतो, तोवर लोक खेटे घालतात, तिला बोलतात.

“उघडता येते मले, सर,” ती म्हणाली. “पण नाई उघडत. माह्या हाताले गुण नाई. तुमाले तं माहीतच आहे.”

ती हे रडत म्हणाली असती तर कदाचित मी पुन्हा डोक्यावर हात ठेवून सुटलो असतो. ती हसत म्हणाली. जसं आपण म्हणतो, मला पोहता येत नाही, मला तिखट चालत नाही.

आरोहीला मी एक जुना लॅपटॉप उघडायला दिला. मयुरी भिंतीला टेकून उभी राहिली, दोन्ही हात मागे. पोरगी स्क्रू उचलायची आणि आईकडे बघायची. आई म्हणायची, सरांले विचार. दर वेळी. सरांले विचार.

दुपारी पोरं जेवायला घरी गेली. आरोही त्यांच्यामागे गेली. मी मयुरीला बाहेर मोहाच्या झाडाखाली बोलावलं आणि सांगितलं. लांबण लावली नाही. म्हणालो, तो स्क्रू तू लावला नव्हतास. तू खुर्च्या आणायला गेलीस तेव्हा मी लॅपटॉप उघडला, आणि बंद करताना मी चुकीचा स्क्रू लावला. मला तेव्हाच माहीत होतं. मी बोललो नाही.

तिनं आपल्या हातांकडे वगैरे बघितलं नाही, तसं काही झालं नाही. ती रस्त्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, “मंग तुम्ही उघडला काऊन, सर? मी तं बंद करून ठेवला होता.”

किती सरळ प्रश्न. मला वाटलं होतं ती विचारेल, इतकी वर्षं का नाही सांगितलं. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

मी म्हणालो, “चेक करायले.”

तिनं मान हलवली. “हो,” म्हणाली. “चेक तं कराच लागते. लहानच होती मी.”

तिनं माझ्यासाठी कारण शोधून दिलं, आणि मी ते घेतलं. आरोहीला हाक मारली, दुपारच्या बसनं दोघी गेल्या. मी बसपर्यंत गेलो होतो. तिनं खिडकीतून हात केला.

सोमवारी मी वर्गात पोरांना सांगितलं की ती गोष्ट खोटी आहे, स्क्रू माझा होता, तपासताना माझ्याकडून चुकला. मुलचेऱ्याच्या आणि भामरागडच्या शिक्षकांना फोन करून तेच सांगितलं. एका पोरानं विचारलं, मंग याले आता कोनाचा म्हणाचं? मी म्हणालो, माझा म्हणा. पोरं हसली. कुणी मला दोष दिला नाही, उलट दोन्ही शिक्षकांनी माझं कौतुक केलं की या वयात एवढा मोकळेपणा. पुन्हा तेच. हेडमास्तरांसारखं.

आणि पंधरा दिवस मला बरं वाटत राहिलं.

तिनं जे विचारलं त्याचं उत्तर असं आहे.

मी तपासायला उघडला नव्हता. तपासायला काही नव्हतं. आदल्या संध्याकाळपर्यंत मी तो चालताना बघितला होता, आणि तिचे स्क्रू कधी चुकत नाहीत हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी उघडला तो आत काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून. एखादी सैल पट्टी, एखादी दबलेली वायर. लोक आल्यावर सगळ्यांसमोर म्हणता आलं असतं, हे बघ मयुरी, इथे राहिलं. पोरांनी पुन्हा माझ्या पुढ्यात बसावं म्हणून. तेरा वर्षांच्या पोरीच्या हाताचा मला हेवा वाटत होता. सहा महिने वाटत होता.

काही सापडलं नाही. माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं.

मला राग आला. त्या रागात मी स्क्रू लावत होतो. तो एक स्क्रू शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला अडला. डोळ्यांना नाही दिसलं, पण हाताला कळलं. तीस वर्षांचा हात होता, त्याला कळणारच. पेचकस थांबवून तो उलटा फिरवायला चार सेकंद लागले असते. पोरं जवळ आली होती. मी जोर दिला आणि तो आत घातला.

हा कागद छापायला देतोय, आणि एक प्रत उद्या पंचायतीच्या पत्त्यावर मयुरीला जाईल. तिला उत्तर अर्धंच मिळालं होतं. उरलेलं हे.